घरातल्या दोघांना तरी यायला हवं



ऊस कसा पिकवावा हे आपल्या सभासदाला शिकवायची गरज नाही. बेणं निवडणं, सरी सोडणं, पाण्याची पाळी सांभाळणं, खोडवा राखणं, या कामांत गंगाखेड भागातला शेतकरी कुणाला हार जाणार नाही. पण या शेतीच्या बरोबरीनं दुसरी एक शेती आपल्याला करावी लागते. ती कागदाची, हिशेबाची, मोटारीच्या पेटीची आणि अडीअडचणीच्या धावपळीची. या दुसऱ्या शेतीत बहुतेक घरांत जाणता माणूस एकच असतो, तो म्हणजे घरचा कर्ता.

बँकेत तोच जातो. काट्याची पावती त्याच्याच खिशात असते. सातबारा कुठं ठेवलाय ते त्यालाच ठाऊक. मोटार चालू-बंद तोच करतो. सोसायटीचं किती देणं आहे, कुणाकडून किती येणं आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात. त्याची बायको, आई, मोठी मुलगी शेतात त्याच्याइतकीच राबतात, पण कागद पुढं आला की म्हणतात, "आमाला काय कळतंय त्यातलं? मालकाला इचारा."

हा कर्ता एक दिवस आजारी पडतो, परगावी अडकतो, किंवा देव न करो पण कायमचा जातो. मग दुःखाच्या जोडीला दुसरं संकट उभं राहतं. वही सापडत नाही. खातं कोणत्या शाखेत होतं ते माहीत नसतं. विमा होता की नव्हता, सांगता येत नाही. आणि अशाच वेळी 'मी करून देतो, तुम्ही फक्त इथं अंगठा द्या' म्हणणारा हमखास दारात येतो.

म्हणून या लेखाचं म्हणणं एकच आहे. संसाराला लागणारं प्रत्येक महत्त्वाचं काम घरातल्या निदान दोन सज्ञान माणसांना आलं पाहिजे, आणि त्यातली एक बाई असली पाहिजे.

अंगठ्याची किंमत

न वाचता दिलेल्या अंगठ्यानं शेतकऱ्याचं काय झालं, याचा इतिहास मोठा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. तो उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरला. त्या शेतकऱ्यांचा मुख्य रोख होता खतपत्रांवर. सावकारांकडून कर्जाचे कागद काढून घ्यायचे आणि जाळायचे. कारण त्या कागदात काय लिहिलंय हे त्यांना अंगठा देताना कुणी वाचून दाखवलेलं नव्हतं. पुढं १८७९ साली इंग्रज सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. शेतकऱ्याचा कर्जरोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोरच झाला पाहिजे, असं बंधन त्यात घातलं.

आपला परभणी जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं तो कायदा इकडं लागू नव्हता. इकडं आणखी एक अडचण होती. घरची भाषा मराठी आणि सरकारी कारभार उर्दूत. मराठी वाचता येणाऱ्यालाही सरकारी कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. आता सातबारा मराठीत आहे, कारखान्याची पावती मराठीत आहे. भाषेची सबब राहिलेली नाही.

तरीही धोका गेलेला नाही. २०१७ साली गंगाखेड पोलीस ठाण्यातच गुन्हा नोंदला गेला. तक्रार अशी होती की, शेतकऱ्यांच्या नावावर त्यांना पत्ता नसताना बँकांतून पीककर्ज उचललं गेलं. आपल्या नावावर कर्ज आहे हे कित्येकांना बँकेची नोटीस हातात पडल्यावर कळलं. कोण दोषी आणि कोण निर्दोष, हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे. आपण घ्यायचा धडा वेगळा. आधार कार्डाची, सातबाऱ्याची झेरॉक्स आपण कुणालाही देतो आणि विसरून जातो. यापुढं प्रत्येक झेरॉक्सवर सही करताना 'अमुक कामासाठी' असं लिहून तारीख घाला. कोऱ्या कागदावर, कोऱ्या अर्जावर सही किंवा अंगठा कुणालाच देऊ नका, मग तो सख्खा भाऊ असो की ओळखीचा पुढारी. आणि वर्षातून एकदा आपल्या नावावर कोणकोणती कर्जं आहेत याचा अहवाल काढून बघा. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांनी तो वर्षातून एकदा फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. शिकलेल्या मुलाला वा मुलीला सांगितलं तर मोबाईलवर निघतो. नवऱ्याचा काढाल तेव्हा बायकोचाही काढा.

काटापावती आणि बिल

आता आपल्या घरच्या हिशेबाकडं वळू. ऊस गेला, पावती आली, पैसे खात्यावर पडले, एवढ्यावर बरेच सभासद समाधान मानतात. बिल तपासता येणं हा प्रत्येक सभासदाचा हक्क आहे. हिशेब चौथी शिकलेल्यालाही जमेल असा आहे.

काटापावतीवर दोन वजनं असतात, भरलेल्या वाहनाचं आणि रिकाम्या वाहनाचं. समजा भरलेलं वजन २४ टन ३५० किलो आणि रिकामं ८ टन ९०० किलो. वजाबाकी केली की उसाचं वजन १५ टन ४५० किलो. पावतीवर नाव, गट नंबर, तारीख आणि वाहन नंबर बरोबर आहेत ना, हे तिथंच बघावं. घरी आल्यावर 'चूक झाली' म्हणून उपयोग नाही.

आता दर. रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपण ज्याला एफआरपी म्हणतो तो, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये ठरला. उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की ३ रुपये ४६ पैसे वाढतात आणि कमी झाला की तेवढेच उतरतात. पण उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी दर ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली येत नाही.

उदाहरण घेऊ. हिशेबाला उतारा १०.५५ टक्के धरला, तर तो ०.३ टक्क्यानं जास्त झाला. तीन वेळा ३.४६ म्हणजे १०.३८ रुपये. ३५५ मध्ये मिळवले की ३६५.३८ रुपये क्विंटल, म्हणजेच टनाला ३,६५३.८० रुपये. यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. तो समजायच्या सोयीसाठी टनाला ९०० रुपये धरू. राहिले २,७५३.८० रुपये. याला १५.४५० टनांनी गुणलं की ४२,५४६ रुपये २१ पैसे. यातून सोसायटीची वसुली आणि इतर कपात जाऊन उरलेली रक्कम खात्यावर येते. कपातीची प्रत्येक ओळ कशाची आहे हे विचारायला लाजू नये. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज द्यावं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. कारखाना आपलाच असला तरी नियम नियमच. हिशेब समजणारा सभासद हेच सहकाराचं खरं भांडवल.

हाच हिशेब घरातल्या बाईला एकदा मांडून दाखवा. ती बाजारात मेथीच्या जुडीपासून म्हशीच्या दुधापर्यंतचा हिशेब तोंडी करते. टनाचा हिशेब तिला अवघड नाही; तो तिच्यापुढं कुणी मांडलेला नाही एवढंच.

कागदांची एक पेटी

प्रत्येक घरात कागदांची एक पत्र्याची पेटी असावी आणि ती कुठं आहे हे दोघांना ठाऊक असावं. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात.

जमिनीचे कागद: सातबारा, आठ-अ आणि फेरफाराच्या नकला. सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव, क्षेत्र, पीक आणि इतर हक्कांत बोजा कुणाचा आहे, हे चार रकाने तरी वाचता आलेच पाहिजेत. खातेदार वारला तर वारसाची नोंद तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं द्यावी. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मृत्यूची नोंद तर २१ दिवसांतच करायची असते. वारसांत पत्नी, मुलं, मुली आणि मयताची आई या सगळ्यांची नावं लागतात, हे लक्षात ठेवावं.

कारखान्याचे कागद: शेअर्सचा दाखला, ऊस नोंदीची पावती, काटापावत्या आणि बिलं. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार सभासदाला आपल्या पश्चात शेअर्स कुणाकडं जावेत त्याचं नाव नोंदवता येतं. आपलं नामनिर्देशन झालंय का, की तीस वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचंच नाव अजून लागलेलं आहे, हे या हंगामात शेअर्स विभागात जाऊन एकदा बघून या. आणखी एक समज दुरुस्त करायला हवी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याच्या हाती ते सोपवलं जातं; खऱ्या वारसांचा हक्क त्यामुळं बुडत नाही.

बँकेचे कागद: पासबुकं. ती वेळच्या वेळी भरून आणा आणि वाचा. पासबुकात वर्षातून एकदा २० रुपये किंवा ४३६ रुपये कापलेले दिसतात का? दिसत असतील तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवनज्योती विमा आहे. पहिल्यात अपघाती मृत्यूला २ लाख आणि दुसऱ्यात कोणत्याही कारणानं मृत्यू आला तरी २ लाख रुपये वारसाला मिळतात. हप्ता वर्षानुवर्षं कापला जातो आणि माणूस गेल्यावर घरच्यांना पत्ताच नसतो, असं होऊ देऊ नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, तेही करून घ्या.

याशिवाय गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना एप्रिल २०२३ पासून आहे. रस्त्यावरचा अपघात, विजेचा धक्का, सर्पदंश, पाण्यात बुडणं अशा कारणांनी शेतकरी किंवा त्याच्या घरातली एक व्यक्ती दगावली, तर २ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं द्यायचा असतो. त्यासाठी पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखाच्या भरात 'कशाला चिरफाड' म्हणून ते टाळलं, तर पुढं मुलाबाळांचा हक्क जातो. हे कठोर वाटलं तरी घरात आधी बोलून ठेवावं.

मोबाईलवर आलेला ओटीपी आणि एटीएमचा पिन कुणालाही सांगायचा नाही, हेही याच पाठात आलं. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे हातातून लांब गेले.

जीव वाचवणारी कामं

कागद उद्यावर ढकलता येतो, जीव ढकलता येत नाही. उसाच्या फडात तीन प्रसंग नेहमीचे आहेत.

पहिला साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे मुख्य विषारी साप. चावल्यावर आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडानं विष ओढू नये आणि देवाच्या पाराकडं धाव घेऊ नये. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये. चावलेला हात किंवा पाय काठीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवावा, अंगठी आणि कडं काढून घ्यावं आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठावं. विषावर उतारा एकच, तो म्हणजे प्रतिविषाचं इंजेक्शन. १०८ ची गाडी यायला वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनानं निघावं. मण्यार रात्री झोपेत चावते आणि जखम दिसतही नाही. म्हणून पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं कुणी म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ नये.

दुसरा वीज. ओल्या वाफ्यात उभं राहून स्टार्टरच्या पेटीला हात लावायचा नाही, हे लेकराला सुद्धा सांगून ठेवा. कुणी चिकटलं तर त्याला हातानं ओढायला धावू नये, ओढणाराही जातो. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं तार बाजूला करावी. सुटका झाल्यावर श्वास बंद असेल, तर उताणं झोपवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, साधारण दोन इंच दाबलं जाईल असा दाब देत राहावं. दवाखान्याची मदत येईपर्यंत थांबू नये. डीपीवर चढून फ्यूज घालायचं काम मात्र कुणीच शिकू नये. ते वायरमनचंच.

तिसरा औषध फवारणी. तोंडाला फडकं, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारणी नाही. विषबाधा झाली तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भरीस पडू नये. कपडे काढून अंग साबणानं धुवावं आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. डबा पाहिला की डॉक्टरला इलाज ठरवायला सोपं जातं.

भाकरी आणि स्टार्टर

बाईनं हिशेब शिकावा म्हटलं की पुरुषमंडळी माना डोलावतात. पण दोघांना यायला हवं म्हटल्यावर ते दुसऱ्या बाजूनंही लागू पडतं. बायको बाळंतपणाला गेली, आजारी पडली, तर चार दिवस शेजारच्या वैनीच्या दारात ताट घेऊन उभा राहणारा माणूस अडाणीच म्हणायचा, मग तो कितीही शिकलेला असो. भाकरी थापता येणं, वरण-भात टाकता येणं, लेकराचा ताप मोजून औषध वेळेवर देता येणं, फाटलं तर टाका घालता येणं, यात कमीपणा कसला? लष्करात गेलेली आपलीच पोरं ही कामं शिकून येतात आणि गावात आल्यावर विसरल्यासारखं करतात. तसंच बाईला मोटार सुरू-बंद करता यावी आणि दुचाकी चालवता यावी. पाण्याची पाळी रात्रीची असते, आणि दवाखान्याची गरज माणूस घरी आहे की नाही ते बघून येत नाही.

शिकवायचं कसं

एका दिवसात काही होणार नाही. आठवड्याला एक संध्याकाळ ठेवा आणि एक काम घ्या. पहिल्या आठवड्यात पेटी उघडून कागद लावायचे. दुसऱ्यात पासबुक वाचायचं. तिसऱ्यात बिलाचा हिशेब. चौथ्यात बँकेत दोघांनी जायचं, आणि पैसे काढायची स्लिप तिनं भरायची. शिकवणाऱ्यानं फक्त पाहायचं. 'आण इकडं, तुला जमायचं नाही' असं म्हणून कागद हिसकावला की शिकणं तिथंच संपलं.

वय झालं म्हणून कुणी मागं सरू नये. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकारानं ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर-पाटी घेऊन शाळेत जाऊ लागल्या. जन्मभर अंगठा दिलेल्या बाया स्वतःची सही करू लागल्या. आपल्या गावात एवढी मोठी शाळा निघाली नाही तरी चालेल. घरात सातवी-आठवीतली नात असेल, तर तिनं आजीला सही शिकवावी. वहीची चार पानं खर्ची पडतील.

काही सभासद म्हणतील, बाईमाणसाला कागद कळाला की घरात वाद वाढतील. वाद लपवाछपवीनं वाढतात. माहितीनं ते मिटतात. १९८९ च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला होता. आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावे करून द्यावा, असं त्यात आवाहन होतं. कित्येक गावांतल्या शेतकऱ्यांनी ते स्वखुशीनं केलं. जमीन नावावर करून देणारे शेतकरी याच मातीतले होते. इथं तर फक्त माहिती द्यायची आहे.

आणि गंगाखेडला तर याचं वेगळं शिकवायला नको. गोदाकाठच्या याच गावात जनाबाई जन्मल्या. पंढरपुरी नामदेवांच्या घरी त्यांनी दळण-कांडण केलं, शेण-पाणी केलं. पण आपल्या अभंगाखाली नाव घातलं ते स्वतःचं. सातशे वर्षांपूर्वी आपल्या गावची एक मोलकरीण आपल्या शब्दाखाली आपलं नाव घालत होती. त्याच गावच्या शेअर्सच्या रजिस्टरात आजच्या सभासद बाईनं अंगठा का द्यावा?

तेव्हा पुढचं बिल घ्यायला याल तेव्हा दोघं मिळून या. पावत्या बरोबर आणा. आकड्यात काही समजलं नाही तर गट ऑफिसात बसून विचारा. सांगणं हे आपल्या नोकरवर्गाचं कामच आहे. आणि जाताना शेअर्स विभागात नामनिर्देशनाचा अर्ज भरून जा.